टीव्हीवरची पोळी फुगते, आपली नाही : पैसे परत कसे मागावेत

दुपारी जेवणं आटोपली की टीव्हीवर एक बाई रोटीमेकरचं झाकण दाबते आणि टम्म फुगलेली पोळी काढून दाखवते. "ऑफर फक्त पुढची दहा मिनिटं!" भांडुपला आमच्या आईने त्या दहा मिनिटांतच फोन लावला. 2,499 रुपये. पार्सल आलं, मशीन तापलं आणि पोळी निघाली ती पापडासारखी. ग्राहक सेवेला फोन केला, तर तिकडचा मुलगा म्हणतो, "मॅडम, तुमची कणीक सैल असेल." चाळीस वर्षं पोळ्या लाटलेल्या बाईला!

आई पंधरा मिनिटं कणकेवरून भांडत बसली. चूक तिथेच झाली. वस्तू कशी वापरली, या वादात समोरचा आपल्याला दमवतो. आपण भांडायचं ते जाहिरातीतल्या वाक्यावर.

म्हणून आधी जाहिरात पकडा. ती बहुधा रोज त्याच सुमारास पुन्हा लागते. मोबाईलवर तिचं चित्रण करा. चॅनेल, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. "प्रत्येक पोळी फुगणार", "पसंत नसेल तर पैसे परत" हे शब्द जसेच्या तसे टिपा. मग आपल्या ओट्यावर तेच मशीन चालवून त्याचाही व्हिडिओ काढा. बिल आणि पैसे दिल्याचा पुरावा जपा. खोका मात्र अजिबात टाकू नका. टीव्हीवर बहुतेक वेळा नुसता फोन नंबर झळकतो. उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता वेष्टनावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि पत्र त्याच पत्त्यावर जाणार आहे. (दीड खोलीत खोका ठेवायचा कुठे, हे मला विचारू नका. आमचा पलंगाखाली होता.)

आता लेखी तक्रार. फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो. ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावती घेऊन पाठवा. कहाणी नको, एवढंच पुरे :

"अमुक तारखेला, अमुक चॅनेलवरच्या जाहिरातीत आपण असा दावा केला होता. त्यावर विसंबून मी ही वस्तू इतक्या रुपयांना घेतली. दाव्याप्रमाणे ती काम करत नाही. व्हिडिओ ईमेलने पाठवला आहे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी व वस्तू स्वखर्चाने घेऊन जावी. अन्यथा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन."

बदली वस्तू देतो म्हणाले तर आधी विचार करा. त्याच साच्यातलं दुसरं मशीन घेऊन काय करणार? बिलावर "विकलेला माल परत घेणार नाही" असं छापलेलं असलं तरी दबू नका. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

उत्तर नाही आलं तर 1915 फिरवा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. ती आदेश देऊ शकत नाही, तक्रार कंपनीपुढे ठेवते. तक्रार क्रमांक मात्र मागून घ्या.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं. उपनगरवाल्यांना वांद्रे पूर्व. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या नोंदवता येते. तारखा पडतात, हे खरं. अडीच हजारांसाठी सुट्ट्या घालवायच्या का, हे ज्याचं त्याने ठरवावं. नको म्हणणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पत्र तरी पाठवाच. अडलात तर 1975 पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत विलेपार्ल्यात आहे.

जाहिरातीविरुद्धची तक्रार वेगळी. त्यातून आपले पैसे येत नाहीत, पण दणका बसतो. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने टीव्हीवरून वस्तू विकणाऱ्या नापतोल कंपनीला 10 लाखांचा दंड केला. गुडघ्याच्या चुंबकी पट्ट्यापासून ॲक्युप्रेशर चपलांपर्यंतच्या जाहिराती त्यात होत्या. आदल्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने चमत्काराचे दावे करून टीव्हीवर ताईतासारखी 'यंत्रं' विकणं महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवलं. तेव्हा ताईत-यंत्रवाल्यांची तक्रार थेट पोलिसांतही करता येते.

आमचे पैसे पत्रानंतर तिसऱ्या आठवड्यात खात्यात आले. मशीन न्यायला कुरियरचा मुलगा आला, तेव्हा आईने त्याला चहा दिला आणि खोका हातात देताना म्हणाली, "सांग तुझ्या साहेबांना, कणीक घट्टच होती."