हिमालयनचा मागचा टायर: रुबाब नको, पकड हवी

हायवेला सरळ पळवून माझ्या रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ या मोटरसायकलचा मागचा टायर मध्ये सपाट झाला होता, कडा मात्र कोऱ्या. ताम्हिणी घाटात वळणावर गाडी आधी झुकायलाच तयार नसायची, मग एकदम आडवी व्हायला बघायची.

पावसाळ्याआधी टायर बदलायला पुण्यातली नाना पेठ गाठली. "दादा, १३०चा टाका, गाडी भारी दिसेल," दुकानदार म्हणाला. दिसेल हो! पण कंपनीच्या रिमवर रुंद टायर चढवला की बाजू आत दबतात, गोलाई बिघडते. मूळ माप १२०/९०-१७, म्हणजे रुंदी १२० मिमी, तेच घेतलं. मोठ्या गट्टूंचा टायर मातीत झकास, ओल्या डांबरावर तितका नाही. म्हणून जवळ-जवळ ठोकळे आणि पाणी फेकणाऱ्या खाचा असलेला निवडला.

बाजूवरचे चार आकडे मात्र बघाच: ०८२५ म्हणजे २०२५चा आठवा आठवडा. मला आधी दाखवलेला टायर चांगलाच जुना निघाला, परत केला. ट्यूबही नवीच टाकली, जुनी ताणलेली असते. टायरच्या बाजूवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना, हे बसवतानाच पाहिलं.

नवं रबर गुळगुळीत असतं, त्यामुळे पहिले दीडशे किलोमीटर बेतानेच. आता वळणं सलग घेता येतात. पुढचा टायर अजून खाचेतल्या झीज दाखवणाऱ्या खुणेपर्यंत झिजलेला नाही, तो दिवाळीनंतर बघू.