पहिली-दुसरीच्या वर्गाला साहित्य देताना: काय, किती, कधी आणि कसं

जिल्हा परिषदेच्या शाळेला काही द्यायचं ठरलं की मंडळं, माजी विद्यार्थी, गावाबाहेर किंवा परदेशात स्थिरावलेली माणसं बहुधा दप्तरं घेऊन येतात. दप्तर उपयोगी आहेच, पण दप्तराने मूल वाचायला शिकत नाही. पाठ्यपुस्तकं आणि गणवेश समग्र शिक्षा अभियानातून मोफत येतात, दुपारचं जेवण शाळेत मिळतं. कमी पडतं ते रोज वापरून संपणारं आणि हातात धरून, मांडून, मोडून शिकायचं साहित्य. पेन्सिली, काड्या, मणी, अक्षरकार्डं, पातळ गोष्टीची पुस्तकं. यातली एकही वस्तू भारी किमतीची नाही, पण ती योग्य संख्येने आणि योग्य वेळी आली नाही तर कपाटात पडून राहते.

पुढचा सगळा हिशोब 20 मुलांच्या वर्गाचा आहे. तुमच्या शाळेचा पट वेगळा असेल तर त्या प्रमाणात कमीजास्त करा.

आधी शाळेत जाऊन विचारा

मुख्याध्यापकांना भेटाच, पण पहिली-दुसरीच्या वर्गशिक्षकांशी वेगळं बोला. पट किती, रोज हजर किती असतात, दोन इयत्ता एकाच खोलीत बसतात का, कपाट आहे का, पावसाळ्यात कुठली भिंत ओल धरते, एवढे पाच प्रश्न पुरतात. सहावा प्रश्न सगळ्यात कामाचा: "गेल्या वर्षी कोणी काय दिलं आणि त्यातलं काय वापरात आहे?" दरवर्षी 15 ऑगस्टला कोणीतरी वह्या वाटत असेल तर तुम्ही पुन्हा वह्या देण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. शाळेला मिळालेली टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढते आणि तिचा हिशोब मुख्याध्यापकांना द्यावा लागतो. पुस्तक फाटलं, मणी हरवले तर उत्तर कोण देणार, या धास्तीने चांगलं साहित्य कुलुपात जातं. यात शिक्षकांचा दोष नाही. त्यांची ही काळजी देणाऱ्याने मिटवायची असते. सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहा: "हे साहित्य मुलांच्या रोजच्या वापरासाठी दिले आहे. वापरात फाटल्यास, तुटल्यास किंवा हरवल्यास आमची हरकत नाही." या पत्राची एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनाही द्या.

वर्गसंच आणि मूलसंच वेगळे ठेवा

मुलाने घरी न्यायच्या वस्तू वेगळ्या आणि वर्गातच राहणाऱ्या वेगळ्या. पेन्सिल, खोडरबर, वही मुलाची. मणी, काड्या, कार्डं, गोष्टीची पुस्तकं वर्गाची. मण्यांची माळ प्रत्येक मुलाला घरी दिली तर पंधरा दिवसांत वर्गात चार-पाच माळा उरतात आणि शिक्षकांना धडा सगळ्यांसोबत घेता येत नाही. वर्गसंच चार-चार मुलांच्या गटाला एक, म्हणजे 20 मुलांना पाच संच, असा करा.

प्रत्येक संचाला झाकणाचा एक डबा. डब्यावर एक रंग आणि आतल्या प्रत्येक कार्डाच्या पाठीवर त्याच रंगाचा ठिपका. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. ठिपका नसला की आठवड्याभरात पाचही संच एकमेकांत मिसळतात आणि मग कोणी ते काढतच नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर देत असाल तर डबा घट्ट झाकणाचाच हवा. पुठ्ठ्याची खोकी जुलैतच मऊ पडतात.

अक्षरकार्डं: दुकानातला संच का पुरत नाही

आता पहिलीत अक्षरं क, ख, ग, घ अशी ओळीने येत नाहीत. थोडी अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह यांचा गट येतो आणि मूल लगेच त्यांचे शब्द बनवू लागतं. समजा गटात म, क, ब, स, र आणि काना आहे. एवढ्यातून मका, रस, बस, काम, बाक, बकरा असे शब्द जुळतात. मूल कार्डं सरकवतं, जुळलेला शब्द मोठ्याने वाचतं, त्यात अर्थ लागतोय का ते स्वतःच तपासतं. नुसतं फळ्यावरून उतरवून काढताना हे तपासणं होत नाही.

आता दुकानातला संच उघडून बघा. त्यात प्रत्येक अक्षर एकदाच असतं आणि काना बहुधा नसतोच. म्हणजे मामा, काका, बाबा हे मुलाच्या तोंडातले पहिले शब्दच जुळत नाहीत. मासा जुळवायला दोन काने लागतात. म्हणून संच स्वतः बनवा:

- प्रत्येक व्यंजनाची 2 कार्डं, स्वरांचं प्रत्येकी 1.
- काना 4, बाकी प्रत्येक स्वरचिन्ह 2.
- कार्ड 5 सेंटिमीटर चौरस. जाड कार्डपेपरच्या एका ए-फोर तावातून 20 निघतात. एका संचाला साधारण 100 कार्डं, म्हणजे 5 ताव. पाच संचांना 25 आणि चुकण्यासाठी 3 जादा.
- काना कार्डाच्या अर्ध्या रुंदीच्या पट्टीवर. वेलांटी, उकार, मात्रा मात्र पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर काढा, म्हणजे ते अक्षराच्या कार्डावर ठेवता येतात. वेगळ्या पुठ्ठ्यावर काढलेली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी ठेवली की मूल तिला स्वतंत्र अक्षर समजतं.

कार्डं लॅमिनेट केली तर वर्षभर टिकतात, पण कापल्यानंतर कोपरे गोल करायला विसरू नका. टोकदार कोपरा बोटाला लागतो. अक्षरं हातानेच काढायची असतील तर वळण बालभारतीच्या पुस्तकातलं ठेवा. ल आणि श यांची दोन-दोन वळणं प्रचारात आहेत. पुस्तकात एक आणि कार्डावर दुसरं असेल तर सहा वर्षांचं मूल अडखळणारच.

मणी आणि काड्या: संख्या उलटी का लिहिली जाते

या भागावर सगळ्यात जास्त खर्च करा, कारण मराठी मुलाची इथली अडचण खरी आहे. "सत्तावीस" म्हणताना कानावर आधी सात पडतो, वीस मागून येतो. मूल ऐकल्याप्रमाणे 72 लिहितं. "एकोणतीस" तर आणखी अवघड, त्यात नऊ ऐकूच येत नाही आणि तीस आधीच तोंडात येतो. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "एकवीस"सोबत "वीस एक" अशी संख्या वाचायची पद्धत आली आणि तिच्यावर महाराष्ट्रभर वाद झाला, तो याच अडचणीमुळे. बाजू कुठलीही घ्या, दशक आणि सुटे डोळ्यांना दिसले पाहिजेत, हे काम साहित्यच करतं.

काड्या आइस्क्रीमच्या घ्या. गुलकाडीच्या नकोत, मुलं तोंडात घालतात. दोन मुलांच्या जोडीला 100 काड्या, म्हणजे वर्गाला 1000, आणि तुटण्यासाठी 100 जादा. जोडीला 10 रबरबँड रोज लागतात, पण द्या 20. रबरबँड तुटतात, हरवतात आणि ते संपले की गठ्ठा बांधणं थांबतं. तयार बांधलेले गठ्ठे देऊ नका. दहा मोजून रबर लावण्याची कृती मुलाने स्वतः करायची आहे. दशक म्हणजे काय हे त्या बांधण्यातच कळतं.

वर्गात वापर असा. मूल दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या मांडतं. शिक्षक विचारतात, "अजून एक घातली तर?" मूल दहावी काडी ठेवतं, रबर लावतं, आता तीन गठ्ठे झाले. तीस. मग ती एक काडी काढून घ्यायची. तिसाला एक उणी, एकोणतीस. हाच खेळ 19, 39, 49 ला केला की "एकोण" हा आवाज निरर्थक राहत नाही.

मणीमाळ दोन प्रकारची द्या. एक भिंतीवर लावायला, 100 मण्यांची, 20 मिलिमीटरचे मणी, दहा लाल मग दहा पांढरे असे आलटून पालटून. मण्यांची लांबी 2 मीटर होते, दोरी मात्र अडीच मीटर घ्या. गाठी मारूनही मणी सरकवायला वीतभर तरी मोकळी जागा उरली पाहिजे. घट्ट ओवलेली माळ मोजता येत नाही, ती नुसती भिंतीवर दिसते. दुसऱ्या छोट्या माळा 20 मण्यांच्या, पाच-पाचने रंग बदलणाऱ्या, दोन मुलांना एक, म्हणजे 10. सोबत कपडे वाळत घालायचे 20 चिमटे. मूल 14 मणी मोजून तिथे चिमटा लावतं आणि पुढे मोजत जातं.

खेळण्यातल्या 10 रुपयांच्या नोटा आणि 1 रुपयाची नाणीही कामाची, पण दुसरीत आणि काड्यांनंतर. गठ्ठ्यात दहा काड्या दिसतात, नोटेत दहा रुपये दिसत नाहीत. हा टप्पा उलटा झाला तर मूल नोट आणि नाणं दोन्ही एकच मोजतं.

पहिले दोन दिवस मुलांना हे सगळं नुसतं खेळू द्यावं, हे शिक्षकांना आवर्जून सांगा. काड्यांची घरं होतील, माळा गळ्यात जातील. तो भर ओसरल्यावरच मोजणी सुरू होते.

पेन्सिल, वही, तळफळा

पेन्सिली मुलामागे वर्षाला 12, म्हणजे 240. दहाच्या 24 डब्या. पण सगळ्या जूनमध्ये देऊ नका. शाळा 15 जूनच्या आसपास उघडते, विदर्भात त्यानंतर. तेव्हा निम्म्या द्या, उरलेल्या दिवाळीच्या सुटीनंतर. जूनमध्ये सगळेच देतात. जानेवारीत बोटभर उरलेल्या पेन्सिलीने लिहिणारं मूल कोणाला दिसत नाही. एवढुशा पेन्सिलीवर पकड बसत नाही, बोटं टोकाशी येतात आणि अक्षर बिघडतं. सुरुवातीला जाड तिकोनी पेन्सिली मिळाल्या तर उत्तम. वर्गात टेबलाला बसवायचं हँडलचं एक शार्पनर ठेवा, छोट्या शार्पनरमध्ये टोक मोडून अडकतं.

वह्या 100 पानी. मराठीला रुंद अंतराची दुरेघी, गणिताला मोठ्या चौकटीची, इंग्रजीला चौरेघी. 200 पानी वही सहा वर्षांच्या मुलाला जड होते आणि निम्मी भरायच्या आत तिचं पुठ्ठं निघतं.

दगडी पाटी आणि तिची पेन्सिल द्यायची असेल तर लक्षात घ्या, काही मुलं ती पेन्सिल खातात. मार्करच्या पांढऱ्या पाट्या दिसायला छान, पण टोपणं हरवतात, मार्कर सुकतात आणि नवे आणायला शाळेकडे पैसे नसतात. त्यापेक्षा भिंतीवर तळफळा रंगवून द्या. जमिनीपासून एक फूट सोडून अडीच फूट उंचीचा पट्टा, 20 फूट लांब. एका वेळी दहा मुलं उभी राहून लिहितात. भिंत आधी पुट्टीने सपाट करा, घासा, मग फळ्याच्या रंगाचे दोन हात. एवढ्या भिंतीला 1 लिटर पुरतो. दोन दिवस वाळू द्या. पहिल्यांदा लिहिण्याआधी खडू आडवा धरून पूर्ण फळ्यावर घासून पुसा, नाहीतर पहिली अक्षरं कायमची उमटून राहतात. ओल धरणारी भिंत निवडू नका, पहिल्याच पावसात पापुद्रे निघतील.

गोष्टीची पुस्तकं

20 मुलांना 60 पुस्तकं, 16 ते 24 पानांची. पहिलीसाठी पानावर एक ओळ, दुसरीसाठी दोन-तीन. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन यांच्याकडे मराठीत अशी पुस्तकं मिळतात. घरातली जुनी रद्दी, फाटके अंक, दहावीची गाइडं देऊ नका. मेळघाटात कोरकू, नंदुरबारात भिली किंवा पावरी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारी मुलं असतील तर दहा-पंधरा पुस्तकं बिनशब्दांची, फक्त चित्रांची घ्या. मूल आपल्या भाषेत गोष्ट सांगतं, मग तीच मराठीत येऊ लागते.

पुस्तकं कपाटात नकोत. मुलाच्या छातीइतक्या उंचीवर सुतळी बांधा, पुस्तकं मधल्या पानावर उघडून दोरीवर टाका, मुखपृष्ठ समोर. मूल नाव वाचून पुस्तक निवडत नाही, चित्र बघून निवडतं. सोबत रुंद पारदर्शक चिकटपट्टीची 4 रिळं द्या. शिवण नसलेल्या पुस्तकाच्या कण्याला आधीच पट्टी लावून टाका.

बीड, अहिल्यानगरकडच्या ज्या शाळांतली मुलं दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला जातात, तिथे जाताना प्रत्येकाला 2 वह्या, 4 पेन्सिली आणि 2 पुस्तकं एका पिशवीत घालून द्या. ही पुस्तकं वर्गसंचातून वजा धरा, परत मागू नका.

दिल्यानंतर

वाटपाच्या वेळी मुलांना रांगेत उभं करून हात पुढे करायला लावू नका, तसले फोटो काढू नका. साहित्य शिक्षकांच्या हाती द्या आणि तासभर वर्गात मुलांसोबत खाली बसा.

चार आठवड्यांनी पुन्हा जा. कार्डांचे कोपरे मळले असतील, काड्या तुटल्या असतील तर सगळं ठीक चाललंय. एखादा डबा नवाकोरा दिसला तर रागावू नका, कारण विचारा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: डबा उंचावर आहे, झाकण मुलांना उघडत नाही, किंवा दोन इयत्ता सांभाळताना काड्या वाटण्यातच वेळ जातो. शेवटच्यावर उपाय म्हणजे प्रत्येक गटाचं एक मूल आठवडाभर डब्याचं प्रमुख.

एप्रिलमध्ये, उन्हाळी सुटी लागण्याआधी, शिक्षकांना सगळ्या गठ्ठ्यांचे रबर काढून ठेवायला सांगा. मे महिन्यात बंद खोलीत रबर वितळून काड्यांना चिकटतं आणि जूनमध्ये काड्या एकमेकींपासून सुटत नाहीत. त्याच दिवशी प्रत्येक डब्यातली कार्डं मोजून काय काय कमी आहे त्याची चिठ्ठी झाकणाच्या आत चिकटवून ठेवा.