मिशनवर निघण्याआधी कागद करून घ्या

प्रापंचिक मिशनरी म्हणून, म्हणजे फादर-सिस्टर न होता, जायचं ठरलंय, बिशप हाऊसला पत्र गेलंय आणि घरचे अजून रुसलेलेच आहेत, अशा टप्प्यावरच्या मुलामुलींचे मला अधूनमधून फोन येतात. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, खरं की मनाचे खेळ, हे कसं ओळखायचं, असं विचारतात. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते तुमचं तुम्ही प्रार्थनेत बघा. मी उलट विचारते, "कागद झाला का?" बहुतेकांना कसला कागद तेच कळत नाही. लेखी करार, दुसरं काय.

मी वसईची. आमच्या धर्मग्रामाने, म्हणजे पॅरिशने, मला जव्हार-मोखाड्याकडच्या एका बोर्डिंगवर मुलांचा अभ्यास घ्यायला पाठवलं. परदेश नाही, परका धर्मप्रांत, म्हणजे दुसऱ्या बिशपांचा इलाखाही नाही. १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला तेव्हापासून डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हा सगळा डोंगरपट्टा आपल्याच पदरात आहे. घोळ होतो तो इथेच. आफ्रिकेला जाणाऱ्याचा करार होतो, विमा निघतो, परतीचं तिकीट ठरतं. आपल्याच जिल्ह्यात जाणाऱ्याला सगळे म्हणतात, "घरचंच तर काम आहे."

माझं ठरलं होतं ते असं: महिन्याचं मानधन पाठवणारं धर्मग्राम देणार, राहणं-जेवण मिशन बघणार. आजारपणाचं कोणी काढलंच नाही. आमचे फादर म्हणाले, "आम्ही आहोत ना." आणि ते खरंच होते. पैसे वेळेवर यायचे, नाताळला फोन यायचा, एकदा स्वतः गाडी काढून भेटायला आले. मग मे महिन्यात त्यांची बदली झाली.

हे नीट समजून घ्या, कारण माझ्यानंतर गेलेलेही इथेच अडकले. फादरांचा शब्द हा धर्मग्रामाचा शब्द नसतो. फादरांची काही वर्षांनी बदली होणारच. धर्मग्रामाच्या परिषदेची मुदत संपते, खजिनदार बदलतो. नवे फादर येतात आणि फाइल उघडतात. फाइलमध्ये तुमचं नाव नसेल, तर त्यांच्या लेखी तुम्ही नाहीच. ते वाईट नसतात. त्यांच्यापुढे गळकं छप्पर असतं, शाळेची फी थकलेली असते, सणाची वर्गणी असते. "दर महिन्याला हे पैसे कुणाला जातात?" एवढंच ते विचारतात आणि सांगणारं कोणी नसतं. तिकडे मिशनवरही तेच. मिशन धर्मसंघाचं असेल तर तिथला डायरेक्टर प्रोव्हिन्शियलच्या, म्हणजे संघाच्या वरिष्ठांच्या, एका पत्राने हलतो. म्हणजे दोन्ही टोकांची माणसं बदलतात आणि मध्ये तुम्ही तेवढ्या तिथल्या तिथे.

दुसऱ्या पावसाळ्यात मला मलेरिया झाला आणि त्यावर कावीळ. जव्हारला तपासलं, मग तिथून नाशिकला खासगी दवाखान्यात हलवलं. बिल आलं तेव्हा मिशनला वाटलं, धर्मग्रामाने पाठवलीय, ते बघतील. धर्मग्रामाला वाटलं, काम मिशनचं करतेय, ते बघतील. नाही कोणीच म्हटलं नाही, हे लक्षात ठेवा. दोघेही "बघू या" म्हणाले. पप्पांनी एफडी मोडली.

नंतर एका कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, शिकलेल्या फादरांनी मला दोन कलमं दाखवली. धर्मगुरू दुसऱ्या धर्मप्रांतात कामाला जातो तेव्हा त्याचे हक्क आणि कर्तव्यं लेखी कराराने ठरवावीत, असं १९८३च्या कायद्यातलं कलम २७१ सांगतं. आणि जे प्रापंचिक ख्रिस्तसभेच्या खास सेवेत असतात त्यांना गरजा भागतील असा मोबदला, शिवाय पेन्शन, सामाजिक सुरक्षा आणि वैद्यकीय सोय मिळण्याचा हक्क आहे, असं कलम २३१. हक्क, हा शब्द तिथे आहे. आमच्याकडे मात्र फादरांना करार आणि आम्हाला आशीर्वाद.

तेव्हा कागदावर हे लिहून घ्या: मानधन किती, कोण देणार, कोणत्या तारखेला. ते चुकलं तर विचारायचं कुणाला. आजारपणाचा खर्च कुणाचा. सुटी किती. मुदतीआधी परत बोलवायचं किंवा यायचं ठरलं तर निर्णय कुणाचा. आणि परत आल्यावर नोकरी लागेपर्यंतचे काही महिने. हा शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. सह्या पाठवणाऱ्यांच्या, बोलावणाऱ्यांच्या आणि तुमची. एक प्रत बिशप हाऊसमध्ये कागदपत्रं सांभाळणाऱ्या चॅन्सेलरच्या ऑफिसात द्या, कारण फादर हलले तरी बिशप हाऊसचं कपाट हलत नाही. आरोग्य विमा निघायच्या दिवशी काढू नका. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी आजार धरत नाहीत, म्हणून आधीच काढा.

कोणीतरी म्हणेलच, येशूने शिष्यांना थैली घेऊ नका असं सांगितलं होतं, तुझा विश्वास कमी पडतोय. त्यांना लूकचा दहावा अध्याय पुढे वाचायला सांगा. कामकऱ्याला मजुरी मिळायला हवी, हेही तिथेच आहे, तीनच ओळी खाली.

घाबरवायला हे सांगत नाही. मी आजारपणानंतरही परत गेले आणि मुदत पुरी केली. गेले त्याचं कारण आमच्या गावच्या बायका. निरोपाच्या मिस्सेला टाळ्या वाजवणारे शेकडो होते. वर्षभराने माझी खबर ठेवणाऱ्या म्हणजे आमच्या लहान ख्रिस्ती समूहातल्या, म्हणजे शेजारपाजारच्या प्रार्थनागटातल्या, आठ-दहा जणी, बहुतेक साठीच्या पुढच्या. त्या सुके बोंबील पाठवायच्या आणि आतल्या चिठ्ठीत कादोडीत, आमच्या वसईच्या बोलीत, लिहायच्या, कोण आजारी, कुणाचं लग्न ठरलं. मी पत्रं त्यांनाच लिहायचे. मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे मी पहिल्यापासून पाळलं. तुम्हीही पाळा. फाटक्या शर्टातला पोरगा दाखवला की पैसे पटकन येतात, पण तो पोरगा उद्या मोठा होऊन तो फोटो बघणार आहे.

पैशांबद्दल माझं मत ठाम आहे: निरोपाच्या दिवशी मिस्सेत जमणाऱ्या वर्गणीवर, त्या मोठ्या थाळीवर, जाऊ नका. तो आकडा बघून सगळ्यांना वाटतं, सोय झाली, आणि पुढच्या पावसाळ्याआधी तो संपलेला असतो. लियाँची पोलिन जारिको प्रापंचिकच होती. तिने दहा-दहा जणांचे गट केले, प्रत्येकाने आठवड्याला एक सू द्यायचा. सू म्हणजे तेव्हाचं फुटकळ नाणं. त्यातून १८२२ मध्ये जी संस्था उभी राहिली, तिच्याचकडे आजही मिशन संडेची, म्हणजे मिशनकार्यासाठीच्या रविवारची, थाळी जाते. २०२२ मध्ये तिला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. दहा माणसं, थोडे पैसे, पण न चुकता, आणि प्रत्येकाला तुमचं नाव माहीत. एवढं जमवल्याशिवाय निघू नका, असंच मी म्हणेन.

परदेशातल्या नातेवाइकांचं मात्र सांभाळा. कुवेतला असलेला भारतीय पासपोर्टवाला भाऊ स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी पाठवतो, ती परदेशी देणगी धरत नाहीत. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या मावशीची मात्र धरतात, आणि एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. "तुझ्या खात्यावर टाकते, तू दे पुढे" याला सरळ नाही म्हणा.

दिवाळीच्या सुटीत येणारी शिबिरं मला आवडत नाहीत, हे लपवत नाही. जुने कपडे, केक, गाणी, फोटो, आणि चौथ्या दिवशी बस परत. आम्ही मागे कपडे निवडत बसायचो, त्यातले अर्धे पुसायला घेण्याच्या लायकीचे. त्यातला एखादा मुलगा पुढे वर्षभरासाठी आला तर माझं म्हणणं मागे घेईन. तसा एक आला होता, चांगला निघाला.

मार्गदर्शक कोण असावा, यावर एकच सांगते. जो तुमच्या कामाचा साहेब आहे, त्याच्यापाशी मन मोकळं करू नका, तो कितीही पवित्र असो. रजेचा अर्ज आणि आत्म्याचा अंधार एकाच टेबलावर ठेवता येत नाही. दुसऱ्या मिशनवरची एखादी म्हातारी सिस्टर शोधा. त्यांनी सगळं पाहिलेलं असतं आणि त्यांना कशाचा धक्का बसत नाही.

आपण मराठीच बोलतो, म्हणून तिथे भाषेची अडचण नाही, असं समजू नका. पहिले काही महिने मुलं आपसात वारली बोलतात तेव्हा तुम्ही बाहेरच्या असता. आणि दुसरी गोष्ट वसईकरांना बोचेल: दिवाळीनंतर बोर्डिंगमधल्या मुलांचे आईबाप वीटभट्ट्यांवर निघून जातात, ते भिवंडीला, कल्याणला आणि आपल्याच तालुक्यात. एका मुलीने मला भट्टीचं ठिकाण सांगितलं, तर ते आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर निघालं. मला मिशनवर पाठवणारं गाव तिच्या आईला कामावर ठेवत होतं. सुटीत घरी गेल्यावर मी हे समूहात बोलले. काहींना आवडलं नाही. तरी पाठवणाऱ्यांनी निदान एवढं तरी बघावं की त्या भट्टीवर मजुरी नीट मिळते का. माझ्या मानधनापेक्षा ते जास्त मिशनचं काम आहे.

बाटवाबाटवीचा प्रश्न एसटीतसुद्धा विचारतील. चिडू नका. आमच्या बोर्डिंगमधली बहुतेक मुलं ख्रिस्ती नव्हती, आणि मी गणित शिकवायचे, तेच सांगायचे. आपला धर्म सांगण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या कलम २५ मध्ये आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच सांगितलंय. दोन्ही गोष्टी माहीत असू द्या.

परतीचं थोडक्यात. बोर्डिंगवर अभ्यास घेतलेली वर्षं शाळेतल्या नोकरीत अनुभव म्हणून धरतील, असं गृहीत धरू नका. डीएड झालं असेल तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मिशनवर निघण्याआधी किंवा तिथे असतानाच देऊन टाका. निघताना सेवेचं प्रमाणपत्र मागा, "निष्ठेने सेवा केली" असलं मोघम नको. कोणत्या इयत्ता, कोणते विषय, कधीपासून कधीपर्यंत, हे लेटरहेडवर, शिक्क्यासह, दोन प्रतींत. आणि ते मे महिना उजाडायच्या आत घ्या.