जुन्या विज्ञानमालिकेच्या एका भागावर अभिप्राय कसा लिहावा : ‘स्टार ट्रेक’च्या उदाहरणासह

‘भारी भाग आहे, नक्की बघा’ किंवा ‘सेट पुठ्ठ्याचा वाटतो’. जुन्या विज्ञानमालिकांवरचे बरेचसे अभिप्राय या दोन वाक्यांतच आटोपतात. दोन्ही खरी असू शकतात, पण वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. भाग कुठे जमला, कुठे अडखळला, आणि त्याचं श्रेय किंवा खापर नेमकं कोणाच्या माथी, एवढं सांगता आलं तर अभिप्राय कामाचा. हे कसं साधायचं ते एकाच भागावर करून बघू : ‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासावरच्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या मूळ संचातला ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’. पहिल्या पर्वातला हा २८वा भाग एनबीसी वाहिनीवर ६ एप्रिल १९६७ रोजी लागला. दिग्दर्शक जोसेफ पेव्हनी, लेखक म्हणून नाव हार्लन एलिसनचं. चाहत्यांच्या याद्यांत तो हटकून वर असतो, म्हणूनच त्यावर धड काही लिहिणं अवघड. पुढे शेवट उघड केला आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या.

कथा थोडक्यात : एंटरप्राइज या अंतराळजहाजाचा डॉक्टर मकॉय याला कॉर्ड्राझिन नावाच्या औषधाचा जबर डोस चुकून टोचला जातो. भ्रमिष्ट होऊन तो ग्रहावर पळतो आणि तिथल्या बोलत्या कालद्वारातून भूतकाळात उडी घेतो. त्यासरशी इतिहास बदलतो आणि वर कक्षेतलं एंटरप्राइज नाहीसं होतं. जहाजाचा कप्तान कर्क आणि त्याचा टोकदार कानांचा, परग्रही वंशाचा अधिकारी स्पॉक त्याला गाठायला १९३०च्या न्यूयॉर्कमध्ये उतरतात. मंदीचे दिवस आहेत. ईडिथ कीलर (जोन कॉलिन्स) बेकारांना जेवू घालणारं केंद्र चालवते. कर्क तिच्या प्रेमात पडतो, आणि मग कळतं की ती जगली तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि अणुबॉम्ब आधी जर्मनीच्या हाती पडेल. म्हणजे तिला अपघातात मरू द्यायला हवं.

आधी प्रत तपासा

लिहिण्याआधी आपण नेमकं काय पाहिलं याची खात्री करा. मूळ भाग सुमारे ५० मिनिटांचा. पुढे पुनःप्रक्षेपणात जाहिरातींना जागा करायला वाहिन्यांनी काही मिनिटं छाटली. तुमच्या प्रतीची लांबी ४५ मिनिटांच्या आसपास दिसत असेल तर ती छाटलेली समजा. कात्री बहुधा लहानसहान संवादांवर चालते, आणि या भागाचा जीव त्यातच आहे. ‘प्रेम फार झटपट जुळलं’ अशी तक्रार लिहिण्याआधी लांबी बघाच.

दुसरी भानगड दृश्यांची. २००६पासून मालिकेची डागडुजी केलेली आवृत्ती आली. तिच्यात जहाजाची आणि ग्रहांची बाहेरची दृश्यं संगणकावर नव्याने बनवली आहेत. ग्रहाचा पृष्ठभाग बारीक तपशिलांसह दिसतो, जहाज वळताना कुठेही हलकासा धक्का जाणवत नाही, तर ती नवी प्रत. ती पाहून ‘१९६७च्या मानाने इफेक्ट काय झकास’ असं लिहिलंत तर फजिती ठरलेली. ब्लू-रेवर जुनी आणि नवी दोन्ही दृश्यं निवडता येतात. शक्य असेल तर जुनी निवडा.

तिसरी गोष्ट संगीताची. कर्क आणि ईडिथच्या प्रसंगांत ‘गुडनाइट, स्वीटहार्ट’ हे गाणं वाजतं. हक्कांच्या अडचणीमुळे घरगुती व्हिडिओच्या सुरुवातीच्या प्रतींत ते काढून दुसरं संगीत घातलं होतं. डीव्हीडीवर मूळ गाणं परत आलं. त्यामुळे संगीतावर दोन जाणकारांची मतं टोकाची निघाली तर आधी विचारा, कोणती प्रत पाहिलीत? आपल्या अभिप्रायात पहिल्या परिच्छेदातच प्रत सांगून टाका, एक ओळ पुरते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिलेल्या आठवणीच्या भरवशावर तर लिहूच नका. आठवणीत सेट नेहमीच मोठे असतात.

दोनदा पाहा, पण वेगवेगळ्या तऱ्हेने

पहिल्यांदा न थांबता, फोन बाजूला ठेवून पाहा. संपल्या संपल्या पाचच ओळी लिहा : कोणते प्रसंग डोळ्यांसमोर राहिले, कुठे लक्ष उडालं. हा कच्चा माल जपून ठेवा, कारण चार लोकांची मतं वाचल्यावर तो हमखास गढूळ होतो.

दुसऱ्यांदा वही घेऊन बसा. तीन रकाने पुरतात : वेळ, पडद्यावर काय घडलं, आपल्याला काय वाटलं. त्या काळच्या तासाभराच्या मालिकांची बांधणी ठरलेली असे, सुरुवातीला एक छोटी झलक आणि मग चार अंक. जाहिरातीसाठी पडदा काळा होतो ती जागा सहज ओळखू येते. प्रत्येक काळोखाशी थांबून लिहा, प्रेक्षकाला कोणता प्रश्न देऊन सोडलं? इथे एक अंक संपतो तो स्पॉकच्या तोंडून ‘ईडिथ कीलर मेलीच पाहिजे’ हे ऐकवून. कर्कने तिच्यावरचं प्रेम नुकतंच कबूल केलेलं असतं, पाठोपाठ हे वाक्य, आणि लगेच अंधार. अंक दुबळा असेल तर त्याच्या शेवटी तुम्हाला प्रश्नच लिहिता येत नाही. ‘मधे जरा रेंगाळला’ यापेक्षा ‘अमुक अंकाच्या शेवटी टांगून ठेवणारं काही नाही’ हे सांगणं किती तरी नेमकं.

शेवटची दोन मिनिटं आवाज बंद करूनही पाहा. अभिनय आणि कॅमेरा संगीताविना किती उभे राहतात ते तिथे कळतं.

एक प्रसंग धरा आणि उलगडा

अख्ख्या भागावर समान लिहायला गेलात की सगळंच पातळ होतं. एक प्रसंग निवडा. शेवटचा अपघात सगळेच घेतात, तुम्ही जिन्याचा घ्या. ईडिथ जिन्यावर अडखळते आणि कर्क तिला झेलतो. एवढंच. पण लगेच स्पॉक त्याला सुनावतो की तुम्ही पकडलं नसतं तर ती इथेच गेली असती. कर्क म्हणतो, अजून वेळ आली नाही, मकॉय इथे आलेला नाही. आणि प्रेक्षकाला ठाऊक असतं की मकॉय ईडिथच्याच केंद्रात आजारी पडलेला आहे, तीच त्याची शुश्रूषा करते आहे. कर्कने जिच्यावर स्वतःची समजूत काढली ती सबब आधीच खोटी ठरलेली. शिवाय हाच हात शेवटी उलट्या कामाला लागतो : जिन्यावर तो ईडिथला वाचवतो, रस्त्यावर तो मकॉयला घट्ट धरून ठेवतो आणि ती ट्रकखाली जाते.

‘पटकथा घट्ट आहे’ हे विधान असं सिद्ध करायचं. अभिनयाचंही तेच. ‘शॅटनर (कर्क साकारणारा नट) छान’ म्हणू नका. अपघाताच्या क्षणी कर्क रस्त्याकडे बघत नाही, मकॉयला कवटाळून उभा राहतो. मकॉय चिडून विचारतो की आपण काय केलंत हे कळतंय का, आणि उत्तर कर्क देत नाही, स्पॉक देतो : त्याला कळतंय, डॉक्टर. ज्या नटावर ओव्हरअ‍ॅक्टिंगचा शिक्का आहे त्याने इथे तोंड मिटून काम भागवलं, हे निरीक्षण तुमचं स्वतःचं ठरतं.

श्रेय लावताना घाई नको

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. श्रेयनामावलीत एकट्या एलिसनचं नाव आहे, पण प्रक्षेपित संहितेवर मालिकेच्याच चमूतले जीन कून, डी. सी. फोंटाना आणि स्वतः मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी यांचे हात फिरलेले आहेत. एलिसनला हे बदल इतके खटकले की त्याला स्वतःचं नाव काढून टोपणनाव घालायचं होतं. तेव्हा एखादा संवाद आवडला म्हणून ‘वा, एलिसन!’ असं लिहू नका.

पुरस्कारांचाही असाच घोळ आहे. १९६८चा ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळाला तो प्रक्षेपित भागाला. अमेरिकेच्या रायटर्स गिल्ड या पटकथालेखकांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला तो एलिसनच्या मूळ मसुद्याला. दोन पुरस्कार, दोन वेगळ्या संहिता. मूळ संहिता १९९६मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली आणि २०१४मध्ये तिची कॉमिक मालिकाही आली, त्यामुळे ताडून बघायला सबब नाही. तिच्यात भूतकाळात पळतो तो मकॉय नाही, बेकविथ नावाचा जहाजावर अमली पदार्थ विकणारा खलाशी. (तो जहाजाचा अभियंता स्कॉटी होता ही जुनी थाप अजून फिरते. संहितेत तसं काही नाही.) आणि शेवटच्या क्षणी कर्क गोठून उभा राहतो, ईडिथला वाचवू पाहणाऱ्याला अडवतो तो स्पॉक.

आता मत द्या. पडद्यावरचा कर्क कर्तव्य निभावतो, कागदावरचा कर्क प्रेमापुढे हरतो. कोणता खरा माणूस वाटतो? आमच्या मते मूळ शेवट माणूस म्हणून जास्त पटतो, पण दर आठवड्याला जहाज चालवणाऱ्या कप्तानासाठी पडद्यावरचाच शेवट योग्य होता. गोठलेला कर्क पुढच्या गुरुवारी हुकूम कुठल्या तोंडाने देणार? तुमचं मत उलटं असलं तरी चालेल, फक्त कारण द्या.

चुका मोजू नका, तोला

पुठ्ठ्याचे दगड, चुकलेली दुकानाची पाटी, सगळं एकाच यादीत कोंबलं की यादी लांबते आणि वजन जातं. तीन ढीग करा.

पहिला ढीग निर्मितीच्या मर्यादांचा. न्यूयॉर्कची गल्ली म्हणजे कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीतला कायमचा उभा सेट. कर्क आणि ईडिथ फिरायला निघतात तेव्हा मागे ‘फ्लॉइड्स बार्बर शॉप’ची पाटी दिसते, ती ‘द अँडी ग्रिफिथ शो’ या दुसऱ्याच मालिकेतली. गंमत म्हणून एक ओळ द्या, गुण कापू नका.

दुसरा ढीग कालविपर्यासाचा. ‘गुडनाइट, स्वीटहार्ट’ १९३१चं गाणं आहे, कथा १९३०ची. ईडिथ क्लार्क गेबलच्या सिनेमाला जायचं म्हणते, पण १९३०मध्ये गेबल अजून तारा झाला नव्हता. हेही किरकोळच, मात्र कालप्रवासाच्या कथेत थोडं जास्त बोचतं.

तिसरा ढीग तर्काचा, खरी तपासणी इथेच. मकॉय बेशुद्ध पडल्यावर एक भणंग त्याचं फेजर (किरण सोडणारं हत्यार) उचलतो आणि चाळवताना स्वतःच भस्म होतो. एका बाईच्या जगण्याने जग बदलतं, मग या माणसाच्या मरणाने काहीच कसं बदलत नाही? आणि एंटरप्राइज पुसलं जातं तेव्हा ग्रहावर उभी असलेली तुकडी शिल्लक कशी? याचा उलगडा पडद्यावर नीट होत नाही. उत्तर द्यायचंच तर स्पॉकच्या बोलण्याचा आधार घ्या : काळालाही प्रवाह असतात, सगळे क्षण सारख्या वजनाचे नसतात. ते पटतं का, हे तुम्ही ठरवा. मराठी वाचकासाठी लिहीत असाल तर जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ची आठवण इथे उपयोगी पडते. तिथेही विश्वासरावांना गोळी लागली की निसटून गेली एवढ्यावर सगळा इतिहास फिरतो.

तो काळ आणि आजचे डोळे

१९६७मध्ये व्हिएतनाम युद्ध पेटलेलं होतं. अशा वेळी शांततेचा आग्रह धरणारी स्त्री ‘बरोबर, पण चुकीच्या वेळी’ आहे असं म्हणणारी कथा घराघरांत दिसली. ही युद्धखोरी की नुसती शोकांतिका, यावर प्रेक्षक आजही भांडतात. आधी पडद्यावर काय म्हटलंय ते लिहा, मग तुमचा अर्थ. दोन्ही एकाच वाक्यात मिसळू नका.

काही विनोद शिळे झाले आहेत. पोलिसासमोर स्पॉकच्या कानांचा खुलासा करताना कर्क त्याला चिनी ठरवतो आणि लहानपणी भाताच्या यंत्रात डोकं अडकल्याची थाप मारतो. आज ते कानाला खटकतं. एका वाक्यात नोंदवा आणि पुढे चला. परिच्छेदभर संताप नको, अन् डोळेझाकही नको.

गुण आणि मांडणी

दहापैकी नऊ म्हणजे काय, हे पट्टीची टोकं सांगितल्याशिवाय कळत नाही. त्याच मालिकेतले दोन भाग खुंट्या म्हणून ठोका. खालच्या टोकाला ‘स्पॉक्स ब्रेन’ (२० सप्टेंबर १९६८, तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग) ठेवायला सहसा कोणी हरकत घेत नाही. वरच्या टोकाला तुमचा सर्वांत आवडता. मग नऊ या आकड्याला अर्थ येतो. आजच्या मालिकांशी थेट तुलना करून गुण देऊ नका, आणि गुण ठरवा ते लिहून झाल्यावर. आधी आकडा टाकला की बाकीचं लिखाण त्याची वकिली करत बसतं.

पाचशे ते सहाशे शब्द पुरे. कथासार चार-पाच वाक्यांत आटपा. संवाद मराठीत देताना अवतरणचिन्हं फक्त शब्दशः दिलेल्या ओळीलाच लावा. शेवटी कर्क म्हणतो, ‘लेट्स गेट द हेल आउट ऑफ हिअर’. त्या काळच्या वाहिनीवर ‘हेल’ शब्द सहसा ऐकू येत नसे, म्हणून ही ओळ मराठीत मवाळ केली तर तिची धार जाते. ती देवनागरीत जशीच्या तशी ठेवा. आणि मथळ्यात, पहिल्या परिच्छेदात किंवा सोबतच्या चित्रात तो ट्रक येऊ देऊ नका. भाग जुना असला तरी पहिल्यांदा पाहणारा रोज नवा असतो.