डावखुऱ्यांनी लाँगस्वोर्ड कशी शिकावी

ऐतिहासिक युरोपीय तलवारबाजीच्या वर्गात डावखुऱ्या नवशिक्याला हमखास एक सल्ला मिळतो: ‘लाँगस्वोर्ड दोन्ही हातांनीच धरायची, मग उजव्यानेच शीक की!’ तो मानू नका. चौदाव्या शतकातले जर्मन उस्ताद योहानेस लिख्टेनाउअर यांच्या नावाने चालत आलेल्या पद्यांतच बजावलं आहे की उजव्या हाताच्याने डावीकडून सुरुवात करू नये, आणि डावखुरा उजवीकडून लढला तर लंगडा पडतो.

१. पकड आणि पाय. डावा हात वर, मूठ आणि पात्याच्या मधल्या आडव्या दांडीला लागून. उजवा खाली, मुठीच्या टोकाच्या गोळ्याजवळ. उजवा पाय पुढे ठेवून उभे राहा. डाव्या खांद्यावरून वार करताना डावा पाय पुढे टाका. तो मागेच राहिला तर पातं पोहोचत नाही.

२. एकट्याचा सराव. शिक्षकाच्या मागे नको, समोर उभे राहा. उजव्या हाताचा शिक्षक तुमच्यासाठी आरसाच असतो. तो करेल ते जसंच्या तसं उचला, मनात काही उलटवायची गरज नाही.

३. जोडीचा सराव. खरी गफलत इथे होते, म्हणून इथे घाई करू नका. जुन्या ग्रंथांतले डाव बहुतेक दोन उजव्यांचे आहेत. जोडीदाराने उजव्या खांद्यावरून वार केला की तो तुमच्या डाव्या बाजूला, म्हणजे तलवारीच्या हाताकडेच येतो, आणि शिकवलेला डाव जुळत नाही. अशा वेळी त्याला डाव्या खांद्यावरून वार करायला सांगा. आता दोन्ही बाजू उलटल्या आणि डाव बसतो. डाव अंगात मुरला की मगच त्याला त्याच्या सवयीच्या बाजूने वार करू द्या. शिक्षकाने हा वेळ द्यायला हवा. ती मेहेरबानी नव्हे, त्याचं कामच आहे.

४. मोकळी लढत. समोर उजव्या हाताचा प्रतिस्पर्धी असेल तर तुमचा सहज वार त्याच्या पुढच्या मनगटावर जातो, त्याचा तुमच्या. त्यामुळे हात नुसते पुढे काढू नका. आधी पातं, मग हात. वार करताना किंचित डावीकडे, त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर पाऊल टाका. तोही तीच जागा घ्यायला बघणार. ज्याचं पाऊल बाहेर पडलं, त्याच्याकडे डाव झुकतो.

५. साहित्य. लाँगस्वोर्डची मूठ सहसा दोन्ही बाजूंनी सारखी असते, त्यामुळे वेगळी तलवार लागत नाही. हातमोजे मात्र जाड आणि चांगल्यातलेच घ्या; या लढतीत बोटांवर फार मार बसतो. पुढे सेबरकडे, म्हणजे एका हाताने धरायच्या तलवारीकडे, वळलात तर मूठ नीट बघून घ्या. काही सेबरचं कवच एका बाजूला रुंद असतं, उजव्या हाताची बाहेरची बाजू झाकायला. ते डाव्या हातात घेतलं तर बाहेरची बाजूच उघडी पडते.

६. दुसरा डावखुरा शोधा. रोज उजव्यांशीच खेळून तुम्हाला उलट्या लढतीची सवय झालेली असते, त्यामुळे समोर डावखुरा आला की तुम्हीही गोंधळता. अधूनमधून त्याच्याशी खेळत राहा.