जीएलपीआयमदे स्विच दिसेना, घोळ भलतीकडंच होता

दर्यापूरकडल्या एका कॉलेजचं नेटवर्क मी पाहतो. जीएलपीआय म्हंजे नेटवर्कवरच्या मशिनींची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या स्कॅनमदे लॅबचा स्विच (कॉम्प्युटर नेटवर्कला जोडणारा डबा) एकदम यायचाच बंद झाला, पिंगला (मशीन चालू हाय का हे पाहाच्या हाकेला) मात्र बराबर उत्तर देऊन रायला होता. मी उगाच एजंट (स्कॅन करणारा प्रोग्राम) दोनदा नवीन टाकला, फायरवॉल पाह्यली, एसएनएमपीचं (मशिनींना त्यांची माहिती विचारायच्या पद्धतीचं) पोर्ट यूडीपी १६१ खुलं, तरी काई नाही. शेवटी एसएनएमपीवॉक (त्याच पद्धतीनं माहिती मागणारी कमांड) थेट स्विचवर चालवलं तं टाइमआउट. आत लॉगिन केलं तं कम्युनिटी, म्हंजे एसएनएमपीचा पासवर्डासारखा शब्द, तीच गायब! आदल्या रात्री लाइन गेली होती, यूपीएसची बॅटरी केव्हाचीच मेलेली, अन् आधी कम्युनिटी टाकल्यावर कॉन्फिग सेव्ह करायचं मीच विसरलो होतो, म्हून स्विच बंद पडून चालू झाला तशी ती उडाली. परत टाकली, 'राइट मेमरी' (सेव्ह करायची कमांड) मारलं, स्कॅन लावला, स्विच हजर. अन् हो, कम्युनिटी 'पब्लिक' ही नेहमीचीच ठेवू नका बाप्पा, दुसरं काही ठेवा अन् जीएलपीआयच्या क्रेडेन्शियलमदेही तेच टाका.