कॅम्परच्या दोन बॅटऱ्या: नवी बॅटरी आणण्याआधी या चुका तपासा

तीन वर्षांत मी माझ्या कॅम्परच्या, म्हणजे राहायची सोय केलेल्या व्हॅनच्या, दोन बॅटऱ्या भंगारात दिल्या. दोन्ही वेळा दुकानदार म्हणाला, "साहेब, सेल गेलाय," आणि दोन्ही वेळा मी मान डोलावून नवी घेऊन आलो. तिसरीही दिवेआगरला पहाटे बसली, फ्रिजमधल्या दुधाचं दही झालं, तेव्हा कुठे मी मीटर बाहेर काढला. दोष सापडला सीटखालच्या एका बोल्टात. अर्थिंगची वायर मी चॅसीच्या रंगावरच कसली होती, रंग खरवडलाच नव्हता. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, तेही दोनदा आणि रोखीनं.

कॅम्परमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक गाडीची, जी सेल्फ मारताना काही सेकंद दणकून करंट देते आणि मग दिवसभर आराम करते. दुसरी घराची, जी रात्रभर फ्रिज, पंखा आणि दिवे सांभाळते. दोघींमध्ये पूल असतो, ज्यावरून इंजिन चालू असताना घराची बॅटरी भरते: रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच), आयसोलेटर (करंट एकाच दिशेनं सोडणारा) किंवा डीसी-टू-डीसी चार्जर (घराच्या बॅटरीला हवा तो व्होल्टेज बनवून देणारा). माझ्या पाहण्यातली बहुतेक दुखणी या पुलावरची असतात. शिव्या मात्र बॅटरीला पडतात.

मीटर न लावता निदान

मल्टिमीटर पुण्याच्या तापकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतो. तो गाडीत नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही.

लेड ॲसिड बॅटरी काही तास काहीही न जोडता पडून असेल आणि १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ११.९ म्हणजे जवळपास रिकामी, आणि अशी आठवडाभर ठेवली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, ते पुन्हा निघत नाही. यात 'काही तास पडून' हे महत्त्वाचं. घरी पोचल्या पोचल्या मीटर लावलात तर १३ दिसतील आणि तुम्ही खूश व्हाल. तो आकडा खोटा असतो.

लिथियमचं, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचं, गणित वेगळं. तिचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ हलतच नाही. १३.१ दिसले तरी ती अर्धी आहे की पाऊण, हे त्यावरून सांगता येत नाही. तिला शंटवाला मॉनिटर लागतो, जो आत किती आले आणि बाहेर किती गेले याचा हिशोब ठेवतो. वाण्याच्या वहीसारखा.

खरी तपासणी मात्र इंजिन चालू असताना होते, आणि घराची बॅटरी थोडी उतरलेली असताना. करंट वाहत नसेल तर खराब जोडही निर्दोष दिसतो. आधी गाडीच्या बॅटरीवर मोजा, मग घराच्या. माझ्याकडे रिले होता. गाडीच्या बॅटरीवर १४.२ आले, घराच्या बॅटरीवर १३.१. मधले १.१ व्होल्ट गेले कुठे? मग मीटरची एक काडी एका बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी काडी दुसऱ्या बॅटरीच्या प्लसवर ठेवली: ०.२. हे चालण्यासारखं. मायनसपासून मायनसपर्यंत तसंच केलं: ०.९! तिथून बोल्टापर्यंत पोचायला पाच मिनिटं लागली. पॉलिश पेपरनं रंग काढला, लोखंड चकचकीत केलं, दातेरी वॉशर घालून कसलं, वरून पेट्रोलियम जेली लावली. ताम्हिणीमार्गे दिवेआगर म्हणजे चार-पाच तासांचा प्रवास. तेवढ्यात जी बॅटरी कधीच पूर्ण भरत नव्हती, ती आता माणगावच्या आसपासच भरत आलेली असते.

तुमच्याकडे डीसी-टू-डीसी चार्जर असेल तर हीच मोजणी दोन तुकड्यांत करा: गाडीच्या बॅटरीपासून चार्जरच्या इनपुटपर्यंत, आणि आउटपुटपासून घराच्या बॅटरीपर्यंत. चार्जर मुद्दामच व्होल्टेज बदलतो, त्यामुळे दोन बॅटऱ्यांची थेट तुलना तिथे फसवी ठरते.

घरातली वायर गाडीत

घराच्या वायरिंगमधली २.५ स्क्वेअर एमएमची वायर उरली, तीच गाडीत टाकली, हा प्रकार फार दिसतो. २३० व्होल्टवर एखादा व्होल्ट गळला तर कुणाला कळत नाही. १२ व्होल्टवर तोच व्होल्ट म्हणजे अर्धं जेवण. पुढून मागे पाच मीटर आणि परत पाच मीटर, असे दहा मीटर धरा आणि २० अँपिअर वाहू द्या. २.५ च्या वायरीत १.४ व्होल्ट जिरतात. ६ मध्ये सुमारे ०.६. १६ मध्ये जेमतेम ०.२. मी १६ ची घातली. खर्च टोचला, पण दोन मेलेल्या बॅटऱ्यांपुढे तो काहीच नव्हता.

वायरीच्या टोकाचं थिंबल पकडीनं चेपू नका, हातोडीनं तर नकोच. हायड्रॉलिक क्रिम्पर असलेल्या दुकानातून दाबून घ्या. ते काम करून देणारे पेठांमध्ये मिळतात. दाबलेलं थिंबल जोरात ओढलं तरी हलता कामा नये. कोकणात वरचेवर जात असाल तर दर पावसाळ्यानंतर टर्मिनल उघडून बघा. खारी हवा तांब्यावर हिरवट थर चढवते, आणि तो थर आवरणाच्या आत खोलवर सरकतो.

फ्यूजबद्दल एकच गोष्ट, पण ती विसरू नका. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या प्लसच्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, टर्मिनलच्या शक्य तितक्या जवळ. ही वायर मध्येच कुठे पत्र्याला घासली तर दोन्ही बाजूंनी करंट धावत येतो. एकाच टोकाला फ्यूज असेल तर दुसरी बॅटरी वायर पेटवायला मोकळी. आणि फ्यूज वायरीच्या जाडीवरून निवडायचा. जळतोय म्हणून मोठा घालणं म्हणजे ताप कळू नये म्हणून थर्मामीटर फेकण्यासारखं.

नवी गाडी, जुना रिले

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, आले. त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, हुशार झालाय (नाना पेठेतले जुने वायरिंगवाले त्याला अजून डायनामोच म्हणतात). गाडीची बॅटरी भरली की इंधन वाचवण्यासाठी तो व्होल्टेज खाली आणतो, पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला की वर नेतो. साधा व्होल्टेज सेन्सिंग रिले साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला तोडतो. मग होतं असं की खंबाटकी उतरताना घराच्या बॅटरीला जेवण आणि पुढे सपाट रस्त्याला उपास. साताऱ्याला पोचून बघावं तर बॅटरी निघाली तेवढीच.

सगळ्याच बीएस-६ गाड्या असं करत नाहीत. म्हणून सिगारेट सॉकेटमध्ये लावायचा स्वस्त व्होल्टमीटर घ्या आणि शेजारी बसलेल्याला तासभर आकडे बघायला लावा. १२.५ आणि १४.५ च्या मध्ये झोके घेत असेल तर रिले काढा आणि डीसी-टू-डीसी चार्जर बसवा. त्याला इग्निशनची सिग्नल वायर जोडणं विसरू नका. ती नसली तर काही चार्जर सुरूच होत नाहीत, काही मध्येच बंद पडतात, आणि लोक चार्जर खराब म्हणून परत करून येतात.

हा चार्जर तापतो. तापला की स्वतःच करंट कमी करतो. माझा सीटखाली होता आणि त्यावर आमच्या दोन गोधड्या. एप्रिलात तो निम्मं काम करायचा. गोधड्या हलवल्या, दुरुस्ती संपली.

लिथियम घेतली आणि नुसत्या रिलेवर जोडली, हीसुद्धा महागात पडणारी चूक. ती अल्टरनेटर देईल तेवढा करंट ओढत राहते. हायवेला वारा असतो. संध्याकाळी सिंहगड रोडला पहिल्या गिअरवर सरकताना अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, वारा नाही आणि ओढ मात्र पूर्ण. त्यात अल्टरनेटर जळू शकतो. चार्जर असला की ओढीला २० किंवा ३० अँपिअरची वेसण बसते.

आणि मुक्कामी इंजिन नुसतं चालू ठेवून बॅटरी भरणारे. दात कोरून पोट भरत नाही. आयडलला अल्टरनेटर क्षमतेपेक्षा बराच कमी देतो, डिझेल जळतं, शेजारच्या तंबूतले लोक उठतात.

इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी

घरची इन्व्हर्टरची बॅटरी पडून आहे, तीच गाडीत ठेवू का, असं मला सोसायटीत दोघांनी विचारलं. चालते, पण ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि घाटात ॲसिड हिंदकळतं. ज्या डब्यात तुम्ही झोपता त्यात ती उघडी नको. बंद पेटी, पेटीच्या वरून बाहेर जाणारी नळी, आणि पट्ट्यानं घट्ट बांधलेली. पाणी कमी झालं तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, ॲसिड कधीच नाही. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. शिवाय १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) लेड ॲसिडमधले रोज ५०च वापरायचे. एका छोट्या कॉम्प्रेसर फ्रिजला पुण्याच्या एप्रिलमध्ये, उन्हात उभ्या गाडीत, दिवसाला ४० सहज लागतात. हिशोब तिथेच संपतो, पंखा अजून लावलेलाच नाही.

जुनी आणि नवी बॅटरी घरासाठी समांतर जोडू नका. जुनी नवीला आपल्या वयाला आणते.

लक्षणं आणि त्यांचे अर्थ

फ्रिज रात्री दोनला बंद पडतो, पण बॅटरीवर १२.४ दिसतात. बॅटरी ठीक आहे. फ्रिज स्वतःच्या टोकाचा व्होल्टेज बघतो. कॉम्प्रेसर सुरू होताना बारीक वायरीत व्होल्टेज क्षणभर पडतो आणि फ्रिज स्वतःला बंद करतो. त्याला फ्यूज बॉक्सपासून स्वतंत्र जाड वायर द्या, सिगारेट सॉकेट काढून पक्का जोड करा, आणि बॅटरी घराची असल्यामुळे कट-ऑफ 'लो'वर ठेवा.

सकाळी दोन्ही बॅटऱ्या एकदम उतरलेल्या. रिलेचे पॉइंट चिकटलेत. इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा, घरातला एखादा मोठा लोड चालू करा आणि दोन्ही बॅटऱ्या मोजा. दोघींचे आकडे जोडीनं खाली येत असतील तर पूल उघडलेलाच नाही. एक अपवाद आहे: काही रिले सोलरच्या चार्जवरही दोघींना जोडतात, म्हणून ही तपासणी ऊन गेल्यावर करा.

लिथियमवर एकदम शून्य. घाबरून कंपनीला फोन लावण्याआधी थांबा. आतल्या बीएमएसनं (बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटनं) स्वतःला तोडून घेतलं असेल, कारण बॅटरी फार उतरली, फार तापली किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. शॉर्ट नाही याची खात्री करा, सगळे लोड काढा, लिथियमचा चार्जर लावा. बहुतेक वेळा ती जागी होते. सोलर कंट्रोलरमध्ये 'इक्वलाइज' चालू राहिलं असेल तर तेही बंद करा. ते लेड ॲसिडसाठी आहे. तो १५ च्या वरचा व्होल्टेज बघूनही बीएमएस दार लावून घेतं.

पावसाळ्यात उभी गाडी

जून ते सप्टेंबर पुण्यातले बहुतेक कॅम्पर सोसायटीत उभे असतात. "छतावर सोलर आहे की" हे उत्तर मी स्वतः देत असे. जुलैच्या ढगांत आणि गुलमोहराखाली तो सोलर नावापुरता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! त्यात इन्व्हर्टर स्टँडबायला राहिलेला. काही न जोडता तो ०.७ अँपिअर खात असला तरी दिवसाला १७ एएच जातात, आणि १०० ची बॅटरी आठवड्याच्या आत तळाला.

लेड ॲसिड असेल तर पूर्ण भरून, घराच्या बॅटरीचा मायनस काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जर लावा. लिथियम अर्धी-पाऊण भरलेली चालते, फक्त मेन स्विच बंद हवा. गणपतीच्या आधी एकदा बॉनेट आणि सीटखालची बाजू टॉर्च मारून बघा. घुशींना वायरीचं आवरण आवडतं, आणि मूषकाच्या सणाला आपणच त्यांना दोष देत बसतो.

एवढं करूनही कधीतरी सेल्फ नुसता कट-कट करेल. घराची बॅटरी भरलेली असेल तर जंपर केबल लावून लगेच चावी फिरवू नका, विशेषतः लिथियम असेल तर. सेल्फचा झटका बीएमएसला झेपत नाही, तो तोडतो आणि मग दोन्हीकडे अंधार. केबल लावताना दोन-तीन ठिणग्या उडतील, म्हणून शेवटचा मायनस बॅटरीवर न लावता लांब इंजिनच्या लोखंडावर लावा. पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या, म्हणजे घराची बॅटरी गाडीच्या बॅटरीला थोडं पाजेल. तोवर चहा करा, गॅसवर. मग केबल काढा आणि सेल्फ मारा.